रोहिणीतली रोहित्रे

दरवर्षी २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नागपुरात नवतपा लागतो. दुपारी बारा ते चार रस्ते ओस, पारा ४५-४६ अंशांकडे, आणि एखाद्या संध्याकाळी अचानक धुळीचं वादळ. फिरायला येणाऱ्याने टाळावेत असेच हे नऊ दिवस. पण वीजयंत्रणा बघायची असेल तर याच दिवसांत यावं. एरवी निवांत दिसणारी प्रत्येक तार आणि प्रत्येक डीपी (गल्लीतलं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) आता सोसण्याच्या काठावर असते. त्यांवर बसवलेले सेन्सर, मॉडेम आणि दुरून चालणारे स्विच कामाचे आहेत की नुसते दागिने, तेही आताच कळतं.

सोबत दुर्बीण, दुपट्टा, भरपूर पाणी आणि मिळाला तर थर्मल कॅमेरा. बहुतेक गोष्टी रस्त्यावरून दिसतात. उपकेंद्रात जायला लेखी परवानगी लागते. ती मिळाली तरी छत्री, सेल्फी स्टिक, लांब असं काहीही फाटकाबाहेरच ठेवायचं. यार्डात वर बोट दाखवून प्रश्न विचारायचा नाही.

पहिला दिवस : सोनेगाव, रामदासपेठ, रात्री महाल

सुरुवात विमानतळाच्या बाजूने. सोनेगावला हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे आणि नागपूरचं डॉप्लर रडारही. वीजवाल्यांच्या दृष्टीने रडारचा उपयोग सरळ आहे. ढगांचा पट्टा ८० किलोमीटरवर असेल आणि ताशी ४० च्या वेगाने येत असेल, तर हातात दोन तास आहेत. दोन तासांत झाडं तोडून होत नाहीत. पण दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनी परत चालू करता येते, त्या संध्याकाळचे तारेवर काम करण्याचे बाकीचे परमिट थांबवता येतात, आणि गँग व शिडीची गाडी शहराच्या योग्य टोकाला नेऊन ठेवता येते. पश्चिमेकडून वादळ येत असताना गाडी पूर्व टोकाच्या पारडीला उभी असेल, तर रडार असून नसल्यासारखंच.

तिथून रामदासपेठ. ३० मे २०२४ रोजी इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातमी झाली आणि मग हवामान विभागाने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. लोक हसून विसरले, पण ‘स्मार्ट’ ग्रिडचा पहिला धडा हाच आहे. तारेची वहनक्षमता आता काही ठिकाणी हवेच्या तापमानावरून दर काही मिनिटांनी नव्याने काढतात. तारेची कमाल मर्यादा ७५ अंश धरली आणि हवा ४६ असेल, तर तापायला २९ अंशांची जागा उरते. सेन्सरने ५६ सांगितलं तर ती १९ वर येते. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ऊन आणि वारा तेवढेच धरले तरी क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी उगाचच कमी दिसते. हे नुकसान फक्त पैशाचं. उलटं झालं आणि सेन्सरने ३६ सांगितलं, तर तीच तार कागदावर १६ टक्के जास्त ताकदवान होते आणि प्रत्यक्षात खाली लोंबते.

म्हणून आलेला कुठलाही आकडा चार चाळण्यांतून जावा लागतो. तो या गावात शक्य आहे का? मागच्या दहा मिनिटांत तो अशक्य वेगाने बदलला आहे का? तासभर दशांशही न हलता एकाच जागी थिजलाय का? आणि शेजारची दोन केंद्रं काय म्हणतात? चाळणीत अडकला, तर प्रणालीने स्वतःहून जुन्या, सावध, ठरीव मर्यादेवर परतायला हवं. अनेक निविदांत सेन्सरची अचूकता दशांशात लिहिलेली असते. परतीच्या या वाटेबद्दल मात्र एक ओळ नसते.

रात्री दहानंतर महाल, इतवारी. गल्ल्या अरुंद, डीपी दुकानाच्या छपराला टेकलेल्या. रात्रीच का, याचं उत्तर तेलात आहे. रोहित्राला थंड ठेवणारं तेल तापायला आणि निवायला काही तास घेतं, आतली तारेची गुंडाळी मात्र काही मिनिटांतच तापते. पूर्वी रात्री भार उतरायचा आणि तेल निवायचं. आता कूलरसोबत एसी पहाटेपर्यंत चालतात, भिंती रात्रभर उष्णता ओकतात, आणि दुसऱ्या सकाळी रोहित्र कालचा ताप अंगात घेऊनच सुरू होतं. गुंडाळीचा सर्वांत तापलेला बिंदू ९८ अंशांच्या वर गेला की दर ६ अंशांना कागदी आवरण झिजण्याचा वेग दुप्पट होतो, हा आंतरराष्ट्रीय मानकातला ठोकताळा.

डीपीवर बसवलेला मीटर इथे खरा कामाला येतो, पण त्याचं नीट वाचन व्हायला हवं. ३१५ केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भार लघुदाब, म्हणजे घरांकडच्या, बाजूला दर फेजला साधारण ४२० अँपिअर. समजा तीन फेजपैकी आर वर ४८०, वाय वर ३०० आणि बी वर २६० आहेत. सरासरी ३४७, म्हणजे भार ८३ टक्के. पडद्यावर हिरवा दिवा. प्रत्यक्षात आर फेज ११४ टक्क्यांवर आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, फुकटचे २०३ अँपिअर. ‘डीपी उडाली’ म्हणतात त्यातल्या कितीतरी डीपी अशा हिरव्या दिव्याखालीच उडतात. इशारा सरासरीवर न लावता सर्वांत भरलेल्या फेजवर लावायचा, आणि मोठं रोहित्र मागण्याआधी आरवरची काही घरं बी वर घ्यायची.

थर्मल कॅमेरा असेल तर लघुदाबाच्या लगकडे, म्हणजे केबल जोडतात त्या टोकाकडे, धरा. जोडात फक्त एक मिलिओहम रोध असला तरी ४०० अँपिअरला तिथे १६० वॅट उष्णता तयार होते. बोटाएवढ्या जागेत तापलेली इस्त्रीच म्हणा. ॲल्युमिनियमची केबल पितळी स्टडला थेट आवळली की हेच होतं. मध्ये दोन धातूंचा, बायमेटॅलिक लग हवा. कॅमेऱ्याचा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नये. चकचकीत ॲल्युमिनियम खरं तापमान लपवतं. तिन्ही फेजचा तोच भाग शेजारी शेजारी बघायचा आणि फरक मोजायचा.

मोठ्या उपकेंद्रांत उन्हाळ्यात रोहित्राच्या रेडिएटरसमोर चक्क कूलर लावलेले दिसतात. हसू नका. कोरड्या हवेत तो उपाय चालतो. फक्त तुषार बुशिंगपर्यंत, म्हणजे तारा रोहित्रात शिरतात त्या टोकांपर्यंत, जाता कामा नयेत.

दुसरा दिवस : कोराडी, खापरखेडा

सकाळी सहाला निघायचं. मानकापूरवरून छिंदवाडा रस्ता धरला की अर्ध्या तासात कोराडी. जगदंबेचं दर्शन, तर्री पोहे, आणि मग तलावाच्या काठाने तारा बघत जायचं. कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच, पलीकडे खापरखेड्यात २१० चे चार आणि ५०० चा एक. एवढी वीज बाहेर नेणाऱ्या मनोऱ्यांची गर्दी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी एका नजरेत मावते.

तारांची नावं प्राण्यांची असतात. गावातल्या ११ केव्हीवर (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वीझल, रॅबिट, डॉग. वरच्या दाबाला पँथर, झेब्रा, मूस. नाव कळलं की जाडी कळते, जाडीवरून क्षमता. ती क्षमता मात्र एका गृहीतावर उभी आहे: ताशी फक्त २ किलोमीटर वारा आणि डोक्यावर कडक ऊन. बहुतेक वेळा वारा याहून जास्त असतो, म्हणजे तार ठरीव मर्यादेपेक्षा जास्त वाहू शकते. नवतप्यातल्या वारा पडलेल्या दुपारी ती तेवढीही वाहत नाही. हा फरक दर क्षणी मोजणे म्हणजे डायनॅमिक लाइन रेटिंग.

उष्णतेचं खरं दुखणं झोळात, म्हणजे तार मध्ये जेवढी खाली लोंबते त्यात, दिसतं. ३०० मीटरचा गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) आणि ६ मीटर झोळ घ्या. तार ३० अंशांनी तापली तर तिची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर वाढते. पण झोळ ६ वरून जवळपास ७.४ मीटरवर जातो. ताण उतरल्याने तार थोडी आखडते, म्हणून प्रत्यक्षात याहून काहीसा कमी, तरी मीटरभर तार खाली येते. २२० केव्हीच्या तारेखाली जमिनीपासून किमान ७ मीटर मोकळं अंतर लागतं, ४०० केव्हीला ८.८४. शेतात कुणी मुरूम टाकून रस्ता उंच केला, किंवा तारेखाली बाभूळ माजली, की हे मीटरभर अंतर संपलं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात बीना-ग्वाल्हेर ही एक जादा भारलेली ४०० केव्ही वाहिनी आपोआप बंद पडण्यातून झाली होती. एक तार गेली की तिचा भार शेजारणीवर, मग तिचाही झोळ.

दुर्बिणीतून काही गाळ्यांवर तारेलाच चिकटलेला डबा दिसला तर तो सेन्सर समजा. तारेचं तापमान, कल आणि कंप मोजतो. कल कळला की झोळ काढता येतो. बसवताना तीन चुका ठरलेल्या. पहिली, तो मनोऱ्याजवळ सोयीच्या ठिकाणी लावणे. लावायला हवा तो सर्वांत अडचणीच्या गाळ्यात, म्हणजे जिथे वारा अडतो, वाहिनीची दिशा बदलते किंवा खाली रस्ता आहे. दुसरी चूक विजेची. हा डबा तारेतल्या करंटवरच जगतो. रात्री भार उतरला आणि किमान करंट मिळाला नाही की तो झोपतो. पडद्यावरचा शेवटचा आकडा मात्र तसाच राहतो. आकड्याशेजारी त्याची वेळ दिसलीच पाहिजे. तिसरी चूक, क्लॅम्पखाली तारेवर संरक्षक आवरण न गुंडाळणे. कंपाने तारेचे पदर तिथेच तुटायला लागतात.

मनोऱ्याच्या पायाशी मॉडेमची पेटी असते. पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली राखाडी पेटी नागपूरच्या उन्हात आतून ६० अंश सहज ओलांडते, आणि बऱ्याच मॉडेमची मर्यादा त्याच्याच आसपास संपते. बंद प्रकारच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना निम्मं होतं. म्हणजे उष्णतेवर लक्ष ठेवायला बसवलेलं यंत्र उष्णतेनेच आधी मरतं. उपाय सुताराच्या अकलेचा आहे: पांढरा रंग, उत्तरेची बाजू, वर बोटभर पोकळी सोडून दुसरा पत्रा, खाली जाळीचं भोक. याला फारसा खर्च नाही, म्हणून प्रस्तावातही जागा नाही.

इथल्या इन्सुलेटरवर, म्हणजे तारेला मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या चकत्यांवर, राखेचा थर बसतो. कोरडा असताना तो बिचारा काही करत नाही. पहाटेचं दव किंवा पहिली रिमझिम पडली की तो वीजवाहक लेप होतो आणि तडतड ऐकू येते. मुसळधार पाऊस बरा, तो धुऊन काढतो. गळतीचा करंट मोजणारे सेन्सर मिळतात, पण आर्द्रता आणि शेवटचा मोठा पाऊस होऊन गेलेले दिवस या दोन आकड्यांवरूनही धुण्याची पाळी ठरवता येते.

तिसरा दिवस : अंबाझरी

संध्याकाळी तलावाच्या बांधावर गर्दी असते, सकाळीच जावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. उन्हाळ्यात इथे उभं राहून त्याची कल्पना येत नाही. भिंतींवरच्या जुन्या पाणरेषा शोधा. कुठल्याही विद्युत पेटीची उंची ठरवायला त्यांच्याइतकं खात्रीचं मोजमाप नाही.

या भागात ११ केव्हीच्या भूमिगत केबल आणि फुटपाथवरच्या हिरव्या-राखाडी पेट्या, म्हणजे केबलचे स्विच असलेले आरएमयू (रिंग मेन युनिट). आतली स्विचची टाकी वायूने भरलेली आणि सीलबंद असते, तिला पाण्याचं भय कमी. बुडतो तो खालचा केबलचा कप्पा, स्विच फिरवणारी मोटर आणि दुरून आज्ञा घेणारा नियंत्रक. तो बहुधा सर्वांत खालीच बसवलेला, कारण तिथे हात पोचतो. चौथरा पाणरेषेच्या वर घ्यायचा, नियंत्रक पेटीच्या वरच्या भागात किंवा शेजारच्या खांबावर, आणि केबलची छिद्रं सील करायची. पाणी बऱ्याचदा दारातून न येता केबलच्या पाइपातून येतं.

पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर एकाच जातीचा नको. ध्वनिलहरींच्या सेन्सरसमोर कोळ्याने जाळं विणलं तर तो कोरड्यात पूर दाखवतो. तरंगत्या सेन्सरचा गोळा गाळात रुततो आणि पुरात कोरडं दाखवतो. दोघं सहमत असतील तर स्विच उघडावा, मतभेद असेल तर माणूस पाठवावा.

बिघाड शोधण्याचं स्वयंचलित काम असं चालतं. केबलमध्ये शॉर्ट झाला की उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, पडतो. वाटेतल्या प्रत्येक आरएमयूवरचा दर्शक सांगतो की मोठा करंट माझ्यातून गेला किंवा गेला नाही. शेवटचा ‘गेला’ आणि पहिला ‘नाही गेला’ यांच्यामध्ये बिघाड. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडायचे, उपकेंद्राकडची बाजू चालू करायची, आणि पलीकडची बाजू शेजारच्या वाहिनीवरून. गाडीने फिरून तासभर लागणारं काम मिनिटा-दोन मिनिटांत. केबलवर आपोआप पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा नसतो. ओव्हरहेड तारेवरची फांदी उडून जाते, केबलमधलं भोक बुजत नाही.

अडतं शेवटच्या पायरीवर. शेजारच्या वाहिनीवर १८० अँपिअर आहेत, घ्यायचा भार ११०, आणि तिची मर्यादा २५०. बेरीज २९०, म्हणजे सगळं घेता येत नाही. त्यात तासभर बंद राहिलेल्या वस्तीत सगळे एसी एकदम चालू होतात, ११० चे काही काळ दीडपट होतात. म्हणून तुकड्यांनी घ्यायचं. आणि पुरात ही सगळी हुशारी बंद ठेवायची. ज्या भागातून पाण्याचा इशारा आलाय, तिथे ‘लवकर वीज’ ही सेवा नसून धोका आहे. पाण्यात माणसं उभी असतात.

ओसरल्यावर आरएमयू धुऊन, सुकवून, पाच हजार व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून तिन्ही फेज एकमेकांशी ताडायचे. एक फेज दोघांपेक्षा बराच खाली असेल तर थांबायचं. सूर्यप्रकाश पडला, आता सुकलं असेल, या अंदाजावर पेट्या फुटतात.

परतताना अंबाझरीचंच राज्य पारेषणाचं क्षेत्रीय भार प्रेषण केंद्र बाहेरून दिसतं. विदर्भातल्या वाहिन्यांचा भार इथून सांभाळला जातो.

चौथा दिवस : काटोल रस्ता

संत्र्याच्या बागा, काळी माती, आणि बागांमधून जाणारी ११ केव्ही. वादळाचा मार इथे सर्वांत जास्त, आणि शहरात दिसलेली साधनं इथे विरळ.

उन्हात भाजलेले चिनी मातीचे पिन इन्सुलेटर आणि त्यावर पहिला गार थेंब. त्या फटक्याने बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, वाहिनी पडते. हा तडा जमिनीवरून दिसत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर दहा मिनिटांत वीज का जाते, याचं उत्तर लाइनमन खांबाखांबावर शोधत फिरतो. दर काही किलोमीटरवर दर्शक लावले तर निदान कुठल्या टप्प्यात चढायचं ते कळतं. पॉलिमरचे इन्सुलेटर तडकत नाहीत, त्यांना उन्हाने येणारा खडबडीतपणा मात्र बघावा लागतो.

वीज पडणं हा वेगळा विषय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपमध्ये २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातला इशारा मिळतो. खांबावर चढलेल्या माणसाला उतरवण्यासाठी त्याचा उपयोग करावाच. वाहिनी नेमकी आकाशातल्या विजेमुळे पडली का, हे रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राची) वेळ आणि वीज पडल्याची वेळ जुळवून कळतं. इथे एक हमखास गोंधळ: एक घड्याळ भारतीय वेळेत, दुसरं जागतिक वेळेत. साडेपाच तासांचा फरक, आणि अहवालात ‘वीज पडल्याची नोंद नाही’.

रोहित्रावरच्या लाइटनिंग अरेस्टरची, म्हणजे आकाशातल्या विजेचा लोट जमिनीत सोडणाऱ्या साधनाची, तार बघा. विजेचा करंट मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने चढत असेल, तर सरळ तारेच्या प्रत्येक मीटरवर साधारण १० हजार व्होल्ट उभे राहतात. अरेस्टर स्वतः ३० हजार व्होल्टच्या आसपास रोहित्राकडे जाऊ देतो. त्याची जोडतार वळणं घेत तीन मीटर नेली तर आणखी ३० हजार. ११ केव्हीच्या बऱ्याच रोहित्रांची सहनशक्ती ७५ हजार. म्हणजे बरीचशी सुरक्षितता तारेच्या वळणांत गेली. अरेस्टर टाकीला चिकटून, तार आखूड, वळण नाही. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मे महिन्यात मोजायचा. काळी माती भेगाळली की ती आत पुरलेल्या धातूच्या कांबीला सोडून देते. पावसाळ्यात ५ ओहमच्या आत असलेला खड्डा आता त्याच्या कितीतरी वर जातो.

रिक्लोजर नावाचा खांबावरचा ब्रेकर बिघाड झाल्यावर सेकंदभरात एकदा, मग दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा चालू करून बघतो, आणि तरी बिघाड असेल तर कायमचा पडतो. फांदी घासून जाण्यासाठी हे उत्तम. तार तुटून पडली असेल तर जीवघेणं. कोरड्या मुरमावर पडलेल्या तारेतून जेमतेम १०-२० अँपिअर जातात, ब्रेकरला तो साधा भार वाटतो. म्हणून वादळाचा इशारा असेल तेव्हा पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न दुरूनच बंद करण्याची सोय असावी आणि ती वापरावीही.

तुटलेली तार शोधायला मीटर मदत करतात, आणि ही या प्रवासातली सर्वांत देखणी युक्ती. ११ केव्हीचा एक फेज तुटला की डेल्टा-स्टार जोडणीच्या रोहित्राच्या खालच्या, म्हणजे घरांकडच्या, बाजूला एक फेज जवळपास पूर्ण २३० व्होल्ट राहतो, उरलेले दोन निम्म्यावर, ११५ च्या आसपास येतात. ‘दोन फेज डिम आहेत’ ही लाइनमनची जुनी खूण तीच. एकाच डीपीवर असं दिसलं तर तिचा फ्यूज गेला. एका खांबापलीकडच्या सगळ्याच डीपींवर दिसलं, तर तार किंवा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तिथेच तुटलाय. ब्रेकर पडला नसला तरी वाहिनी तत्काळ बंद करायची. यासाठी कुठली डीपी कुठल्या खांबावर, ही नोंद बरोबर हवी. भार इकडून तिकडे करताना ही नोंद बदलायची राहून गेली, की मीटर खरं सांगतो आणि नकाशा खोटा पाडतो.

स्मार्ट मीटर वीज जाताना एक शेवटचा संदेश पाठवतात, आतल्या कपॅसिटरवर काही सेकंद तग धरून. पाच घरं गेली तर सगळे संदेश पोचतात. अख्खा तालुका गेला तर हजारो संदेश एकदम निघतात आणि बरेच वाटेत हरवतात, शिवाय मोबाइल टॉवरची बॅटरीही संपत आलेली. म्हणून न आलेला संदेश म्हणजे ‘वीज आहे’ असं कधीही धरू नये. नियंत्रण कक्षाने उलट विचारावं, निवडक मीटरना, डीपीमागे दोन-तीन.

पाचवा दिवस : सकाळ

रात्री वादळ झालं असेल तर निघण्याआधी एखादी दुरुस्ती लांबून बघावी. पडद्यावर स्विच ‘उघडा’ दिसतो, तेवढ्यावर कुणी चढत नाही. मोटर फिरली, दांडी हलली, तरी एबी स्विचचं (खांबावरच्या, दांडीने फिरणाऱ्या स्विचचं) एक पातं अडकलेलं असू शकतं. तीन पाती डोळ्यांनी मोजायची, दांडीला कुलूप, किल्ली परमिट घेणाऱ्याच्या खिशात. मग टेस्टर. मग तारेतली उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड, आधी अर्थिंगचं टोक जमिनीत, नंतर आकडा तारेवर; काढताना उलट. आणि कामाच्या दोन्ही बाजूंना, कारण उलटी वीज तिकडूनही येऊ शकते: पलीकडच्या बंगल्यात जनरेटर असतो आणि छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर नीट बंद झालाय, हे इथून कुणालाच दिसत नाही.